धक्का वाया न घालवणारा माणूस : हायरम मॅक्सिम

हिंदी सिनेमातला हिरो एका हातात मशीनगन धरतो, दुसऱ्या हाताने हिरॉइनला सावरतो आणि तीन मिनिटं न थांबता गोळ्या झाडत राहतो. टीव्ही रूममध्ये आपण सगळे शिट्ट्या मारतो. गोळ्या संपत कशा नाहीत, हा प्रश्न बहुतेकांना पडतो. पण मेकॅनिकलवाल्यांना आणखी एक प्रश्न पडायला हवा. हिरोने फक्त चाप दाबून धरलाय. मग आधीच्या काडतुसाची रिकामी पुंगळी बाहेर कोण काढतं? नवं काडतूस नळीत कोण भरतं? घोडा पुन्हा कोण ताणतं? त्या बंदुकीत बॅटरी नाही, मोटर नाही, घड्याळासारखी किल्ली द्यायची सोय नाही. तरीही ही सगळी कामं सेकंदाला दहा वेळा बिनबोभाट होतात.

मित्रमैत्रिणींनो, या प्रश्नाचं उत्तर ज्याने प्रथम यंत्रात उतरवून दाखवलं, त्याचं नाव हायरम स्टीव्हन्स मॅक्सिम. थिअरी ऑफ मशिन्सच्या तासाला टॉगल मेकॅनिझम शिकवताना सरांनी जाता जाता त्याचा उल्लेख केला होता. नाव डोक्यात राहिलं. मग त्याच्याविषयी मिळेल ते वाचत गेलो, आणि हा माणूस मला आवडला आणि नकोसाही वाटला. दोन्ही का, ते सांगण्यासाठी हा लेख.

मॅक्सिमचा जन्म ५ फेब्रुवारी १८४० चा, अमेरिकेच्या ईशान्य टोकाला असलेल्या मेन राज्यातल्या सँगरविल या खेड्यातला. घरची परिस्थिती बेताचीच. शाळा थोडी झाली आणि चौदाव्या वर्षी पोरगा घोडागाड्या बनवणाऱ्याकडे उमेदवारीला लागला. आपल्याकडे गॅरेजमध्ये छोटू असतो ना, तसाच. लाकूड तासणं, रंग देणं, लोखंड ठोकणं, जे काम पुढे येईल ते करायचं. कॉलेजचं तोंड त्याने कधी पाहिलं नाही. पण हाताला वळण होतं आणि डोळ्यांना सवय होती, की यंत्रात कुठे काय फुकट जातंय ते बघायचं.

पिठाच्या गिरणीत काम करताना तिथल्या उंदरांसाठी त्याने एक सापळा बनवला होता. एक उंदीर अडकला की सापळा पुढच्या उंदरासाठी आपोआप पुन्हा तयार व्हायचा. एकदा काम झालं की यंत्राने स्वतःच पुन्हा सज्ज व्हायचं, ही कल्पना त्याच्या डोक्यात तेव्हापासूनच असावी असं मला वाटतं. बंदूक खूप नंतर आली.

पुढे तो मॅसॅच्युसेट्समधल्या फिचबर्ग गावी काकांच्या कारखान्यात गेला, मग बोस्टन, न्यूयॉर्क असं करत फिटर, ड्राफ्ट्समन, इंजिनिअर अशा पायऱ्या चढत गेला. आधी गॅसच्या दिव्यांची यंत्रं बनवली. मग विजेचा जमाना आला, तसा तो युनायटेड स्टेट्स इलेक्ट्रिक लायटिंग कंपनीचा चीफ इंजिनिअर झाला. न्यूयॉर्कच्या इक्विटेबल बिल्डिंगमध्ये या कंपनीने विजेचे दिवे बसवले. दिव्यातला कार्बनचा तंतू सगळीकडे सारख्या जाडीचा व्हावा म्हणून तो हायड्रोकार्बनच्या वाफेत तापवायची युक्ती मॅक्सिमने वापरली. तंतू जिथे बारीक तिथे रेझिस्टन्स जास्त, म्हणून तिथेच जास्त तापणार आणि तिथेच जास्त कार्बन बसणार. दोष स्वतःच स्वतःला दुरुस्त करतो. इलेक्ट्रिकलच्या मित्रांनी या युक्तीला दाद द्यावी. पण दिव्याचं श्रेय जगाने एडिसनला दिलं, आणि हे शल्य मॅक्सिमला आयुष्यभर टोचत राहिलं.

१८८१ साली पॅरिसला विजेचं मोठं प्रदर्शन भरलं. मॅक्सिम तिथे गेला. त्याच्या व्होल्टेज सांभाळणाऱ्या रेग्युलेटरची वाखाणणी झाली आणि फ्रान्सने त्याला लिजन ऑफ ऑनर हा सन्मान दिला. यानंतरची एक गोष्ट नेहमी सांगितली जाते. व्हिएन्नामध्ये एका ओळखीच्या अमेरिकन माणसाने त्याला सल्ला दिला, की विजेचा नाद सोड, पैसा हवा असेल तर या युरोपियन लोकांना एकमेकांचे गळे झटपट कापता येतील असं काहीतरी शोधून काढ. गोष्ट मॅक्सिमनेच पसरवली, त्यामुळे त्यात तिखटमीठ किती हे ज्याचं त्याने ठरवावं. पण त्यानंतर तो लंडनला आला, हॅटन गार्डन भागात एक छोटं वर्कशॉप थाटलं आणि खरंच बंदुकीच्या मागे लागला.

आता थोडं टेक्निकल. कॉम्प्युटरवाल्यांनी हे दोन-तीन परिच्छेद गाळले तरी चालतील, पण मजा यातच आहे.

काडतूस म्हणजे चार वस्तू. पितळेची पुंगळी, तिच्या बुडाशी ठोकर बसली की पेटणारी टोपी, आत दारू आणि तोंडाशी गोळी. चाप ओढला की पिन टोपीवर आदळते, दारू पेटते, वायू तयार होतो. पितळ किंचित फुगून नळीच्या भिंतीला चिकटतं, त्यामुळे वायू मागे गळत नाही. गोळीला पुढे पळण्याशिवाय गत्यंतर नसतं. त्या काळच्या ब्रिटिश .३०३ जातीच्या काडतुसात दाब ३००० बारच्या आसपास जातो. आपल्या पेट्रोल इंजिनमध्ये ५०-६० बार म्हणजे खूप झाले. पुंगळीच्या बुडाचं क्षेत्रफळ साधारण १ चौरस सेंटिमीटर धरलं, तर मागच्या बोल्टवर सुमारे ३ टनांचा रट्टा बसतो. म्हणून गोळी नळीतून बाहेर पडेपर्यंत हा मागचा दरवाजा, म्हणजे ब्रीच, पक्का बंद हवा. आणि ती बाहेर पडल्याबरोबर तो उघडायलाही हवा, कारण पुंगळी काढायची आहे. बंद ठेवायचा की उघडायचा, या दोन उलट्या मागण्या एकाच यंत्राने, हजाराव्या भागातल्या सेकंदांच्या हिशेबाने पुऱ्या करायच्या. आधुनिक बंदुकीचं सगळं डिझाइन या एका भांडणाभोवती फिरतं.

मॅक्सिमच्या आधी मशीनगन नव्हत्या असं नाही. अमेरिकेच्या गॅटलिंगने १८६२ साली अनेक नळ्यांची बंदूक पेटंट केली होती. स्वीडनच्या नॉर्डनफेल्टची पण होती. पण त्या सगळ्या हाताने चालायच्या. शिपायाने उसाच्या रसाच्या चरकासारखं हँडल फिरवायचं किंवा दांडा मागेपुढे करायचा. वेग शिपायाच्या दंडावर अवलंबून. घाबरून जोरात फिरवलं की काडतूस अडकायचं. आणि एखादं काडतूस उशिरा पेटलं, तर फिरवणाऱ्याला ते कळायच्या आत ब्रीच उघडायचा. मग काय होत असेल ते सांगायला नको.

मॅक्सिमने वेगळा विचार केला. तरुणपणी त्याने एक लष्करी रायफल चालवून पाहिली होती आणि धक्क्याने खांदा काळानिळा झाला होता. हा धक्का लाखो लोकांनी खाल्ला असेल. बहुतेकांनी खांद्याला तेल चोळलं. मॅक्सिमला वाटलं, की एवढी ताकद मागे येतेय तर ती फुकट का जाऊ द्यायची?

मी हा हिशेब कागदावर मांडून पाहिला. गोळी ११ ग्रॅम, वेग सेकंदाला ७४० मीटर. म्हणजे मोमेंटम साधारण ८. रायफल ४ किलोची असेल तर ती सेकंदाला २ मीटर वेगाने मागे येणार. गोळीची कायनेटिक एनर्जी ३००० ज्यूल, आणि रायफलची फक्त ८! पहिल्यांदा आकडा पाहून वाटलं, की एवढ्याशा एनर्जीवर काय चालणार? पण आता समजा, बंदुकीची नळी आणि ब्रीच एवढाच भाग मागे सरकायला मोकळा ठेवला आणि त्याचं वजन ३ किलो धरलं. मग हीच एनर्जी ११ ज्यूल होते. सेकंदाला १० गोळ्या म्हणजे ११० वॉट. धडधाकट माणूस सतत हँडल फिरवत राहिला तर ७५ ते १०० वॉट काढतो. म्हणजे गॅटलिंगच्या हँडलवर जो शिपाई घाम गाळत होता, तो पूर्ण शिपाई मॅक्सिमला धक्क्यातच सापडला. तोही फुकटात, आणि कधी न घाबरणारा. दारूच्या वायूचा धक्का मी यात धरलेलाच नाही. तो धरला तर आकडा आणखी वाढतो.

१८८३ पासून मॅक्सिमने पेटंटांचा सपाटा लावला. आधी त्याने नेहमीची विंचेस्टर रायफल घेऊन खांद्याकडच्या टोकाला स्प्रिंगवर सरकणारी पट्टी बसवली आणि तिच्या हालचालीवर रायफलचा लिव्हर चालवून दाखवला. त्याने फक्त धक्क्याचंच नाही, तर वायूच्या दाबावर ब्रीच चालवायच्या इतर पद्धतींचंही पेटंट घेऊन ठेवलं. म्हणजे मागून येणाऱ्याने कुठल्याही रस्त्याने जायचं म्हटलं, तरी टोलनाका मॅक्सिमचाच!

१८८४ पर्यंत त्याची खरी मशीनगन तयार झाली. तिचं हृदय म्हणजे आपला टॉगल. दोन दांड्या मधे बिजागरीने जोडलेल्या, अगदी आपल्या गुडघ्यासारख्या. गुडघा ताठ असताना वरून कितीही वजन आलं तरी पाय वाकत नाही. पण गुडघ्याच्या मागून कुणी टपली मारली की माणूस खाली! हॉस्टेलच्या मेसच्या रांगेत हा प्रयोग रोजच होतो. मॅक्सिमच्या बंदुकीत नळी आणि ब्रीच यांच्यामागे हा गुडघा ताठ उभा असतो. गोळी सुटली की नळी, ब्रीच आणि गुडघा सगळं मिळून मागे सरकतं. ३ टनांचा रट्टा ताठ गुडघ्यावर सरळ रेषेत येतो, त्यामुळे तो वाकत नाही. थोडं अंतर गेलं, की बाहेरच्या बाजूचा क्रँक एका रोलरवर आदळतो आणि गुडघा मोडतो. ब्रीच उघडतो.

इथे शंका येईल, की तेवढ्यात गोळी बाहेर पडलेली असते का? परत मोमेंटम लावा. ११ ग्रॅमची गोळी ७२ सेंटिमीटरच्या नळीतून जाईपर्यंत ३ किलोचा भाग किती मागे येईल? वजनाच्या व्यस्त प्रमाणात, म्हणजे जेमतेम ३ मिलिमीटर. पूर्ण सरकणं साधारण १ इंचाचं. गुडघा मोडायच्या आत गोळी केव्हाच निघून गेलेली असते आणि दाब उतरलेला असतो. काडतूस उशिरा पेटलं तरी धोका नाही, कारण पेटल्याशिवाय धक्का नाही आणि धक्क्याशिवाय ब्रीच उघडत नाही. हाताच्या हँडलची ती जुनी भीती इथे मुळातूनच संपली. इंटरलॉक वेगळा बसवावाच लागला नाही.

ब्रीच मागे जाताना एकाच वेळी दोन कामं करतो. नळीतली रिकामी पुंगळी ओढून काढतो आणि कापडी पट्ट्यातलं नवं काडतूस ओढून घेतो. मग ती जोडी खाली उतरते. दरम्यान बाजूच्या स्प्रिंगमध्ये साठलेली एनर्जी ब्रीचला पुन्हा पुढे ढकलते. नवं काडतूस नळीत, जुनी पुंगळी बाहेर, गुडघा परत ताठ. चाप दाबलेलाच असेल तर पिन सुटते आणि चक्र पुन्हा सुरू. मिनिटाला सुमारे ६०० वेळा.

नळी तापू नये म्हणून तिच्याभोवती पाण्याचं जॅकेट होतं, सुमारे ४ लिटरचं. काहीशे गोळ्या लागोपाठ झाडल्या की पाणी उकळायला लागायचं. दारूच्या एनर्जीचा जेमतेम तिसरा हिस्सा गोळीला मिळतो. बाकीची गरम वायूत आणि नळीत जाते. आयसी इंजिनचा हीट बॅलन्स आठवा. बंदूक म्हणजे पिस्टन परत न येणारं सिंगल सिलिंडर इंजिनच!

नशीबही मॅक्सिमच्या बाजूने होतं. जुन्या काळ्या दारूचा धूर एवढा व्हायचा, की मिनिटभरात समोरचं दिसेनासं व्हायचं, आणि काजळीने यंत्र जाम व्हायचं. १८८४ साली फ्रान्समध्ये पॉल व्हिएल याने बिनधुराची दारू बनवली. ती पसरली आणि मॅक्सिमच्या बंदुकीला डोळेही मिळाले आणि निरोगी फुप्फुसंही.

पैसा लावला पोलाद कारखानदार व्हिकर्स घराण्यातल्या अल्बर्ट व्हिकर्सने. हॅटन गार्डनच्या वर्कशॉपमध्ये प्रिन्स ऑफ वेल्ससकट बडी बडी मंडळी गोळीबार बघायला येऊ लागली. घराच्या बागेत प्रयोग करायचे असले, की मॅक्सिम स्थानिक वर्तमानपत्रात सूचना द्यायचा, की शेजाऱ्यांनी खिडक्या उघड्या ठेवाव्यात, नाहीतर काचा फुटतील. शेजाऱ्यांचं काय झालं माहीत नाही, पण त्याचे स्वतःचे कान या आवाजाने गेले. उतारवयात तो ठार बहिरा झाला.

१८८८ मध्ये प्रतिस्पर्धी नॉर्डनफेल्टची कंपनी मॅक्सिमच्या कंपनीत मिसळली. तिच्याबरोबर बेसिल झाहारॉफ हा शस्त्रविक्रीतला पक्का मुरलेला विक्रेताही आला. १८९७ पर्यंत हे सगळं व्हिकर्सच्या पोटात गेलं आणि व्हिकर्स, सन्स अँड मॅक्सिम हे नाव झालं. बंदूक ब्रिटनने घेतली, जर्मनीने परवान्यावर घरीच बनवायला घेतली, रशियाने घेतली. ज्याच्याकडे पैसे, त्याला माल.

इथपर्यंत वाचताना मला मॅक्सिमचा अभिमानच वाटत होता. पुढची पानं उलटली आणि तो उतरत गेला.

२५ ऑक्टोबर १८९३. आफ्रिकेच्या दक्षिण भागात शांगानी नदीजवळ सेसिल ऱ्होड्सच्या कंपनीची सुमारे ७०० जणांची तुकडी, आणि समोर हजारो मटाबेले योद्धे. तुकडीकडे मॅक्सिम गन होत्या. मटाबेले कापले गेले. २ सप्टेंबर १८९८, सुदानमधलं ओमदुरमान. एका सकाळीत दहा हजारांहून जास्त सुदानी मेले. इंग्रज-इजिप्शियन बाजूला मेलेले पन्नासच्या आत. सगळेच काही मॅक्सिमने मारले नाहीत, तोफा आणि रायफली पण होत्या. पण समोरून धावत येणारी माणसं आपल्यापर्यंत पोचूच शकत नाहीत, हे या यंत्राने पक्कं केलं. ३१ मार्च १९०४ ला तिबेटमध्ये गुरू या ठिकाणी यंगहजबंडच्या मोहिमेने जुनाट बंदुका आणि तलवारी घेतलेल्या शेकडो तिबेट्यांना काही मिनिटांत मारलं. तिथेही दोन मॅक्सिम होत्या. ही मोहीम निघाली होती हिंदुस्थानातून आणि तिच्यातले बहुतेक शिपाई आपलेच होते, शीख आणि गुरखा. हा भाग मी दोनदा वाचला.

मॅक्सिम मात्र या काळात दुसऱ्याच स्वप्नात होता. त्याला उडायचं होतं. केंटमधल्या बाल्डविन पार्क इथे त्याने सुमारे साडेतीन टनांचं वाफेवरचं विमान बांधलं. १०० फुटांहून मोठे पंख, प्रत्येकी १८० हॉर्सपॉवरची दोन हलकी स्टीम इंजिन्स, जवळजवळ १८ फुटी दोन पंखे. ते साडेपाचशे मीटरच्या रुळांवरून पळायचं, आणि फार वर जाऊ नये म्हणून वरून लाकडी आडरूळ होते. ३१ जुलै १८९४ ला या अवाढव्य प्रकरणाने तिघांना घेऊन एवढी उचल खाल्ली, की आडरूळच मोडला. मॅक्सिमने वाफ बंद केली, विमान आपटलं. ताकद भरपूर होती, पण हवेत गेल्यावर ते सांभाळायचं कसं याचं उत्तर त्याच्याकडे नव्हतं. ९ वर्षांनी राइट बंधू केवळ १२ हॉर्सपॉवरवर उडाले, कारण त्यांनी आधी कंट्रोल शिकून घेतला. प्रोजेक्टला मोठी मोटर बसवली की सगळं सुटेल, असं वाटणाऱ्या तमाम मित्रांना ही गोष्ट अर्पण!

उडण्याच्या वेडातून शेवटी काय निघालं, तर जत्रेतला पाळणा. १९०४ मध्ये ब्लॅकपूलला मॅक्सिमने गोल फिरणारा उडता पाळणा उभारला. तो शंभर वर्षांहून जास्त काळ मुलांना फिरवत राहिला. त्याला ब्राँकायटिसचा त्रास होता, म्हणून मेंथॉलचा वाफारा घेण्याचं काचेचं उपकरणही त्याने बनवून विकलं. त्यावर शहाणे लोक चिडले. एवढा मोठा शास्त्रज्ञ, आणि वैदूसारखी औषधं विकतो, इज्जत घालवली म्हणाले. मॅक्सिमला याचं हसू यायचं आणि वाईटही वाटायचं. माणसं मारायचं यंत्र काढलं तेव्हा मानसन्मान, आणि खोकला बरा करायला गेलो तर शिव्या! १९०० साली तो ब्रिटिश नागरिक झाला आणि १९०१ मध्ये सर झाला होता. वाफाऱ्यासाठी नव्हे, हे उघड आहे.

घरच्या माणसांशी त्याचं फारसं जमलं नाही. भाऊ हडसनही स्फोटकांतला तज्ज्ञ, पण बिनधुराच्या दारूचं श्रेय कुणाचं यावरून दोघांचं कायमचं फाटलं. मुलगा हायरम पर्सी अमेरिकेतच वाढला, १८८६ मध्ये एमआयटीतून इंजिनिअर झाला. त्याने काय शोधावं? १९०९ साली पेटंट घेतलेला बंदुकीचा सायलेन्सर! नळीतून सुटलेला वायू एकदम हवेत न सोडता छोट्या छोट्या कप्प्यांत फिरवत थंड आणि शांत करायचा. मोटारसायकलच्या पुंगळीत तेच चालतं. बापाने आवाज केला, मुलाने तो कमी केला. बापाला मात्र तोपर्यंत दोन्हीतलं काही ऐकू येत नव्हतं. याच हायरम पर्सीने १९१४ मध्ये अमेरिकेतल्या हौशी रेडिओवाल्यांची संघटना उभारली, त्यामुळे ईअँडटीसीवाल्यांनाही तो नातेवाईक लागतो.

मग १९१४ चं महायुद्ध पेटलं. मटाबेले आणि सुदानी लोकांवर चालवलेलं यंत्र आता युरोपियन एकमेकांवर चालवू लागले. १ जुलै १९१६ ला फ्रान्समध्ये सोमच्या आघाडीवर ब्रिटिश सैनिक खंदकांतून बाहेर पडून चालू लागले. समोर जर्मनांच्या एमजी ०८ मशीनगन होत्या. एमजी ०८ म्हणजे मॅक्सिमचीच बंदूक, जर्मन कारखान्यात बनलेली. त्या एका दिवसात ब्रिटनचे १९,२४० सैनिक मेले आणि जखमी वगैरे धरून ५७,४७० जण कामातून गेले. ब्रिटिशांच्या हातात व्हिकर्स मशीनगन होती. ती म्हणजे मॅक्सिमचाच टॉगल उलटा बसवून हलकी केलेली बंदूक. खंदकांच्या दोन्ही बाजूंना एकाच माणसाचं ड्रॉइंग लढत होतं. सोमची लढाई १८ नोव्हेंबरला थांबली. त्यानंतर सहाच दिवसांनी, २४ नोव्हेंबर १९१६ ला, सर हायरम मॅक्सिम लंडनला वारला. वय ७६.

यानंतर बंदुका पुष्कळ बदलल्या. अमेरिकेच्या जॉन ब्राउनिंगने नळीच्या तोंडाशी निघणाऱ्या वायूचा झोत वापरून बंदूक चालवली. आजच्या बहुतेक लष्करी रायफलींत नळीला एक बारीक भोक असतं, त्यातून थोडा वायू पिस्टनवर येतो, पिस्टन बोल्टला फिरवून मोकळा करतो. कलाश्निकॉव्ह अशीच चालते. आपल्या पुण्याला, पाषाणच्या एआरडीईमध्ये विकसित झालेली आणि १९९० च्या दशकात लष्करात आलेली इन्सासही अशीच. पिस्तुलांमध्ये बऱ्याचदा नळी थोडी मागे सरकून खाली झुकते आणि सुटी होते. टॉगल गेला, पाण्याचं जॅकेट गेलं. पण मूळ सूत्र तेच राहिलं. झाडलेल्या गोळीनेच पुढच्या गोळीची तयारी करायची, आणि दाब उतरेपर्यंत दार उघडायचं नाही.

आता मला नकोसं का वाटलं, ते. आमच्या विंगमध्ये यावर रात्री दोनपर्यंत वाद झाला. एक गट म्हणाला, इंजिनिअरने मेकॅनिझम दिला, वापर राजकारण्यांनी केला, मॅक्सिमचा काय दोष? टॉगल तर खडी फोडायच्या जॉ क्रशरमध्ये पण असतो. दुसरा गट म्हणाला, क्रशर बनवणाऱ्याने तो खडीसाठी बनवला, याने कशासाठी बनवली ते याला पक्कं माहीत होतं. मला दुसऱ्या गटाचं पटतं, पण अर्धंच. सैन्य नको, शस्त्रं नकोत असं मी म्हणू शकत नाही. आमच्यातल्या दोघांना संरक्षण उत्पादनाच्या कारखान्यांत नोकरी लागली आहे आणि मीही तिथे अर्ज केला आहे. सीमेवर उभ्या असलेल्या जवानाच्या हातातली रायफल ऐन वेळी अडकू नये, यासाठी कुणीतरी रात्री जागून टॉलरन्स तपासायलाच हवेत.

मला खटकतं ते एवढंच, की मॅक्सिमने फुकट जाणाऱ्या प्रत्येक ज्यूलचा हिशेब ठेवला, पण आपली बंदूक कुठे गेली आणि तिथे काय झालं, याचा हिशेब आपलं काम मानलं नाही. विक्रीची वही भागीदारांकडे, लढाई सरकारकडे, आणि याच्याकडे फक्त ड्रॉइंग बोर्ड. हे वाटप आपल्यालाही फार सोयीचं वाटतं. कोडिंग करणाऱ्यालाही वाटतं, धरण बांधणाऱ्यालाही वाटतं. इंटरव्ह्यूमध्ये शेवटी विचारतात ना, तुम्हाला काही विचारायचं आहे का म्हणून? आपण सगळे कामाचं ठिकाण आणि पगार विचारतो. मी ठरवलंय, की मी बनवलेली वस्तू कुणाला विकली जाते आणि ते कोण ठरवतं, हे विचारायचं. कदाचित त्यामुळे नोकरी मिळणार नाही. मिळाली तर मित्रांना कॅन्टीनमध्ये मिसळ माझ्याकडून.

बाकी, टॉगलवर व्हायव्हात हमखास प्रश्न येतो. जर्नलमध्ये आकृती काढताना गुडघा ताठ असलेली आणि मोडलेली अशा दोन्ही स्थिती दाखवा. सर एकच पाहून सही करत नाहीत.